कोंडाकाकूच्या घोंगड्याची बोली

पुसेगावच्या बाजारात कोंडाकाकू दिसली की लेकुरवाळ्या बाया कडेवरच्या लेकराच्या तोंडावर पदर ओढायच्या. काकू वाटेत भेटेल त्या लेकराची हनुवटी धरायची, तोंड उजेडाकडे वळवायची आणि डोळ्यांच्या बाहुल्या निरखून बघायची. "नजर लावती म्हातारी," असं बाया तिच्या तोंडावर म्हणत. काकू म्हणायची, "लावती की! माझी नजर मीठ-मिरचीनं उतरंल. त्यो रोग उतरंल का?"

काकू आमची शेजारीण. घर मेंढरांचं, आवाज रानात हाका घालून कमावलेला, तोंड फटकळ. मी आमच्या सगळ्या भावकीत पहिली बी.ए. झाले, तेव्हा गल्लीभर पेढे तिनंच वाटले, आणि त्या दिवसापासून मला नावानं हाक मारणं सोडलं. "ए बीए, इकडं ये."

तिची नात रेणू नुकती दुडुदुडु चालायला लागली होती. दिवेलागणीला मेंढवाड्यात बॅटरी मारली की मेंढरांचे डोळे चमकायचे, आणि त्यांच्यात खेळणाऱ्या रेणूचा एक डोळाही पांढरा चमकायचा. घरचे कौतुकानं हसायचे. "आमची कोकरीच हाय ही!" जन्मभर जनावरांचे चमकते डोळे बघणाऱ्या घराला त्यात वावगं काय वाटणार? लेकराच्या डोळ्यातली अशी चमक कॅन्सरची असू शकते, हे त्यांना कुणी सांगितलं होतं? आमच्या गावातल्या भिंती सिमेंटच्या आणि बियाण्यांच्या जाहिरातींनी रंगलेल्या आहेत. ही एक ओळ लिहायला मात्र कुणाला भिंत सापडली नाही.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. डोळा काढला, पण रोग पुढे सरकलेला. रेणू गेली. काकूनं डॉक्टरांना विचारलं, "एवढाली यंत्रं हायत तुमच्याकडं, मंग पसरलेल्या रोगावर औषध काहून न्हाई?" मी सोबत होते. डॉक्टर भला माणूस, खरं ते बोलले. लेकरांच्या कॅन्सरवर संशोधनाला पैसा कमी मिळतो. मोठ्या माणसांच्या मानानं आजारी लेकरं थोडी, म्हणून औषधवाल्यांना त्यात फायदा दिसत नाही. काकू दवाखान्याच्या फाटकाबाहेर आली. मग भर रस्त्यात ओरडली, "लेकरं थोडी मरून राहिली, म्हून शोध न्हाई? अजून किती मराया पायजेत, इचार त्यांला, बीए!"

तेव्हापासून तिचं ते डोळे बघणं सुरू झालं. ती चुकायचीही. एका घराला उगाच घाबरवून हिंगोलीला डोळ्याच्या डॉक्टरकडे पाठवलं. लेकरू ठणठणीत निघालं. ते लोक दारात येऊन नको नको ते बोलले. काकू उंबऱ्यात बसून ऐकत राहिली. "काही न्हाई निघालं तर शिव्या द्या, मी खाईन. निघाल्यावर रडू नका."

आमच्याकडे जत्रेत देवळापुढं वस्तूंचा लिलाव होतो. काकूच्या मेंढ्यांच्या लोकरीचं घोंगडं दरसाल बोलीला असायचं, आणि त्यावर तालेवार माणसं ईर्ष्येनं भांडायची. रेणू गेल्यानंतरच्या जत्रेत काकू घोंगडं घेऊन माईकपाशी उभी राहिली. "औंदा पैसा सभामंडपाला न्हाई. लेकरांच्या कॅन्सरवर औषध शोधणाऱ्यांला."

देवस्थानचे कारभारी आप्पा, त्यांनी माईकचं बटणच बंद केलं. "कोंडाबाई, देवाच्या दारात त्या रोगाचं नाव घेऊ नका."

"लेकरू मेलं तवा 'देवानं नेलं' म्हनलात. तवा देवाचं नाव बराबर घेतलं की, आप्पा!"

कुणी बोली लावली नाही. काल फटाक्यांना पावत्या फाडणारे हात खिशातून निघेनात. मी बोली लावली, दोनदा. बाईमाणसाचा आवाज आप्पांच्या कानापर्यंत गेला नाही म्हणे. शेवटी घोंगडं मी घरी येऊन विकत घेतलं आणि काकूसमोर बसून, अशा संशोधनाचं काम चालतं तिथं मोबाईलवरून त्याचे पैसे पाठवले.

"पोचले?"

"पोचले, काकू."

"मंग म्हनावं शोधा आता. हयगय नको."

गेल्या हिवाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि काकू गेली. तेरवीला गाव जमलं. आप्पा माईकवर बोलायला उठले. म्हणाले, कोंडाबाई फार मायाळू. नातीला असाध्य आजार झाला, नशिबापुढं कुणाचं चालतं?

माझं डोकंच फिरलं. जाऊन त्यांच्या हातातला माईक घेतला. "असाध्य नव्हता. कॅन्सर होता, डोळ्याचा. लवकर कळला असता तर रेणू वाचण्याची आशा होती. लेकराच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडं न्या. आणि पसरल्यावरही लेकरं वाचावीत असं वाटत असेल, तर शोधाला पैसा द्या. तोही आपणच द्यायचा आहे."

"अगं पोरी, दुखवट्याच्या मांडवात हे काय?" आप्पांचा हात बटणाकडे गेला.

तेवढ्यात बायांमधून सुनीता उठली. काकूची सून, रेणूची आई. रेणू गेल्यापासून तिला चारचौघांत बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. तिनं सासऱ्याच्या वयाच्या आप्पांचं मनगट धरलं.

"आप्पा, माझ्या लेकराचं सांगून राहिली ती. सांगू द्या."

आप्पांनी हात काढून घेतला. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या वेळी सावकाश, मागे बसलेल्या बायांना ऐकू जाईल असं.