पिल्लांवरची मरळ

१२ मे १९९६, रविवार. सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी मी उजनी धरणाच्या फुगवट्यात पहिला गळ टाकला. भिगवणच्या खालच्या अंगाला, पाणी ओसरून उघड्या पडलेल्या एका जुन्या बांधावर मी उभा होतो. मागे वेड्या बाभळीखाली माझे साडू बसले होते. सूर्य मावळेपर्यंत साडेचार किलोंहून जड मरळ मी काठावर आणली नाही, तर माझ्या हातातली काठी त्यांची होणार होती.

पैज मी मांडली होती. अटीही माझ्याच होत्या. मासा गळालाच लागलेला हवा, मीच ओढलेला हवा, आणि ताणकाट्यावर तोलल्याशिवाय तो मोजायचा नाही. आयुष्यभर मी साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम केले. माप घेतल्यावाचून कोणतीही वस्तू मी पुरी झाली असे म्हटले नव्हते.

साडेचार किलो हा आकडा साडूंच्या माशाचा. दोन वर्षांपूर्वी ते सहज माझ्याबरोबर आले होते. ते कोऱ्हाळे बुद्रुकचे बागायतदार. ऊस, तोड, टोळी, ट्रॅक्टर यांपलीकडे त्यांचे बोलणे जात नसे. त्या दिवशी माझा जास्तीचा गळ घेऊन त्यांनी त्याला बेडूक लावला, तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, पंजाला गुंडाळली, आणि पाण्याकडे पाठ करून मला तोडीचा घोळ सांगू लागले. बोलता बोलता त्यांचा हात मागे ओढला गेला. ते पडले, उठले, शेताकडे पळावे तसे पळाले, आणि त्यांच्या मागे मरळ फरफटत काठावर आली. माझ्या सव्वीस वर्षांतली सर्वांत मोठी मरळ पावणेचार किलोंची होती.

त्यानंतर प्रत्येक लग्नात, प्रत्येक पंगतीत ती मरळ वाढली जाऊ लागली. भाच्याच्या हळदीला ते भर पंगतीत म्हणाले, "आमचं पाव्हणं सव्वीस वर्सं पाण्याकडं बघत्यात. मी पाठ केली आन् मासा आला. मासा कपाळात असावा लागतो."

पंगत हसली. मी म्हणालो, "कपाळाने गळ टाकता येत नाही."

"मंग हातानं टाकून दावा की! न्हाय तर ती काठी द्या हिकडं. माझ्या कपाळाला तेवढी काठीच कमी हाय."

मी दिवस ठरवला. जिंकलो, तर त्याच माणसांसमोर त्यांनी म्हणायचे की त्यांचा मासा चुकून आला होता. मला एवढेच हवे होते.

काठीविषयी थोडे सांगितले पाहिजे. भरीव बांबू मी स्वतः निवडला होता. दोन उन्हाळे तो चुलीच्या धुरावर टांगून ठेवला. तंगूस गुंडाळायचे पितळेचे रीळ भंगारातल्या एका यंत्राच्या बुशातून, रीतसर परवानगी घेऊन, सुट्टीच्या वेळेत लेथवर काढले. ते फिरताना आवाज करीत नसे. त्या काठीवर माझ्याशिवाय कोणाचा हात पडला नव्हता.

मला मासेमारी शिकवली ती त्याच काठावरच्या एका म्हाताऱ्या मासेमाराने. तो आता नाही. त्याने दोन गोष्टी सांगितल्या होत्या. पहिली: मरळीने आमिष घेतले की लगेच झटका द्यायचा नाही. ती आधी नुसते तोंडात धरते. मनात तीन मोजायचे आणि मग ओढायचे. दुसरी: पिल्लांवरच्या मरळीला गळ टाकायचा नाही. मरळीची पिल्ले पाण्याच्या वरच्या थरात घोळक्याने राहतात. लहान असताना ती शेंदरी दिसतात, पाण्यात शेंदूर सांडावा तशी. त्यांच्याखाली मरळ राखणीला असते. घोळक्यावर जे पडेल त्याला ती चावते, भूक असो वा नसो. तिला धरायला हाताचे कसबही लागत नाही आणि नशीबही लागत नाही. ती गेली की इतर मासे घटकाभरात पिल्ले संपवतात. म्हणून पाणी शेंदरी दिसले की काठावरचा माणूस काठी खाली करून पुढे जातो. हे कुठे लिहिलेले नाही. मोडले तर दंडही नाही.

सकाळ वाया गेली. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बेडूक मी स्वतः कोरला होता. तो लव्हाळ्याच्या कडेने टाकायचा, थांबायचे, दोन बोटे ओढायचे, पुन्हा थांबायचे. आठ वाजेपर्यंत काही नाही. साडूंनी भाकरी सोडली.

"पाव्हणं, ठेचा हाय. या."

"नंतर."

"आवं, माशाला सांगून या. त्यो काय कुठं जात न्हाय, आन् येत बी न्हाय."

नऊ चाळीसला पाणी फुटले. लाकडी बेडूक दिसेनासा झाला. मी मोजू लागलो. दोनवर हात उठला. तंगूस क्षणभर जड झाली आणि सैल पडली. बेडूक परत आला तेव्हा त्याच्या पाठीवर दातांचे ओरखडे होते. ओरखड्यांमधले अंतर पाहून मासा केवढा असेल याचा अंदाज मला आला. मी तो बोलून दाखवला नाही.

"काय झालं?" साडूंनी विचारले.

"घाई झाली."

"कुणाला? माशाला का तुमाला?"

सव्वीस वर्षे जी चूक मी केली नव्हती, ती त्या दिवशी केली. कारण मला ठाऊक होते. मी पाण्याकडे पाहत नव्हतो. मी पंगतीकडे पाहत होतो.

दुपारी बांधाचे दगड तापले. साडूंनी उरलेल्या भाकरीचा गोळा करून एका साध्या गळाला लावला, तंगूस बाभळीला बांधली आणि डोक्यावर टॉवेल टाकून झोपले. उठले तेव्हा तिला चिलापी लागली होती. तळहाताएवढी. त्यांनी ती माझ्यासमोर धरली.

"बगा. झोपीत."

मी पुन्हा गळ टाकला. माझ्या हाताला मात्र घाम फुटू लागला होता. लेथवर असा घाम आला की मी मशीन बंद करीत असे. त्या दिवशी मी काठी ठेवली नाही.

चार वाजता वारा पडला. बांधाच्या टोकाला पाण्याचा एक चिंचोळा फाटा आत शिरतो. तिथे बुडालेल्या बाभळींचे शेंडे वर आलेले होते. मी तिथे गेलो. साडू वीसेक पावलांवर मागे होते. पाणी स्थिर होते. दोन बाभळींच्या मधे सुपाएवढा एक डाग हलत होता. शेंदरी.

मी तो पाहिला. शेवाळ असेल, असे मी स्वतःला सांगितले. उन्हाची तिरीप असेल, असेही सांगितले. दोन्ही खोटे आहे हे सांगतानाच कळत होते. मी गळ डागावर टाकला नाही. डागाच्या पलीकडे टाकला आणि त्यावरून ओढत आणला. या फरकाला काही अर्थ नाही. त्या क्षणी तो आहे असे मी मानले.

बेडूक डागाच्या मध्यावर आला आणि पाणी उसळले. एक, दोन, तीन. मी झटका दिला.

काठी मुठीपर्यंत वाकली. मरळ बाभळींकडे वळली. त्या खोडांत शिरली असती तर तंगूस तुटली असती. मी रिळावर अंगठा दाबून धरला. कातडे सोलले गेले. तिने दोनदा तोंड पाण्याबाहेर काढून डोके झटकले. तेव्हा ती दिसली, आणि साडेचार किलोंचा प्रश्न मिटला.

"आयला!" मागून साडू ओरडले. "पाव्हणं, ढील देऊ नगा! दाबा, दाबा! हाय, हाय अजून!" ते चिखलात गुडघाभर उतरले होते. माझी हार व्हावी म्हणून बसलेला हा माणूस माझ्यासाठी ओरडत होता.

सात-आठ मिनिटे लागली असतील. मी तिला उथळ पाण्यात आणले, कल्ल्याखाली हात घातला आणि वर घेतले. अंगठ्याचे रक्त तिच्या अंगावर लागले.

"पाचाच्या वर हाय!" साडू म्हणाले. "हरलो मी, हरलो! थांबा, काटा आणतो. पिशवी गाडीला हाय." आणि ते मोटारसायकलीकडे पळाले. गाडी रस्त्यालगत, बांधापासून लांब उभी होती.

त्या वेळी फाट्यातून एक होडी आली. पन्नाशीची एक मासेमारीण एकटीच वल्हवत होती, जाळी काढून परतत होती. माझ्या हातातल्या मरळीकडे तिने पाहिले, मग पाण्याकडे. डाग आता सुपाएवढा राहिला नव्हता. फुटून पसरला होता, आणि त्याच्या कडेने लहान मासे उड्या मारीत होते.

तिने वल्हे थांबवले.

"पिल्लं हायती की खाली, तात्या. दिसली न्हाईत व्हय?"

साडू ऐकू येईल एवढ्या अंतरावर नव्हते. ती बाई मला ओळखत नव्हती. नाही म्हटले असते, तर ती होडी पुढे नेऊन घरी गेली असती.

"दिसली," मी म्हणालो.

तिने वल्हे पाण्यात घातले आणि ती गेली.

मी गळ काढला. तो जबड्याच्या कडेला लागला होता, सरळ निघाला. मरळ पाण्यात धरली, तिचे तोंड फाट्याकडे केले, आणि तिने शेपूट मारेपर्यंत धरून ठेवली. ती गेली. पिल्लांकडे गेली की खोल पाण्यात, हे मला दिसले नाही. मी थांबून पाहिले. पाणी गढूळ झाले होते.

साडू ताणकाटा घेऊन धावत आले. माझे मोकळे हात पाहून थबकले.

"निसटली?"

"सोडली."

"सोडली? आवं पाव्हणं, तोलायची व्हती की!"

"तोलली नाही. म्हणजे मोजायची नाही. काठी तुमची."

"येडं का खुळं! मी माझ्या डोळ्यानं बगितली. पंगतीत सांगतो मी, पाचाच्या वर हुती म्हणून."

मग मी त्यांना पिल्लांचे सांगितले. घोळका, राखण, म्हाताऱ्याचा नियम, आणि मी काय पाहून गळ टाकला ते. ते उभ्यानेच ऐकत होते. काटा त्यांच्या हातात लोंबत होता.

"पाणी लाल दिसतं म्हंता?" त्यांनी शेवटी विचारले.

"शेंदरी."

ते दगडावर बसले. "मंग माझी बी तसलीच हुती की ओ. गळ टाकताना मी म्हनलं, हितं कुणी कुंकू सांडलंय का काय. तुमाला सांगणार हुतो, तर तोडीचं बोलणं निघालं."

दोन वर्षे ज्या माशाने मला झोप दिली नव्हती, तो ना त्यांच्या कपाळाचा होता ना त्यांच्या हाताचा. हे ऐकून मला बरे वाटायला हवे होते.

"मंग फिट्टंफाट झाली," साडू म्हणाले. "तुमची बी तसली, माझी बी तसली. काठी ठेवा तुमच्यापशी."

"तुम्हाला ठाऊक नव्हते," मी म्हणालो. "मला होते."

आम्ही सामान आवरले. बारामतीवरून माळेगावला येईपर्यंत मी काठी उभी धरून मागे बसलो होतो.

माझ्या दारात त्यांनी गाडी बंद केली नाही. त्यांना पुढे कोऱ्हाळ्याला जायचे होते. "पाव्हणं, ऱ्हाऊ द्या," ते एकदा म्हणाले. मी त्यांना थांबायला सांगितले. आत जाऊन रीळ सोडवले, त्यातली वाळू काढली, मशीनच्या तेलाचे दोन थेंब दिले, जास्तीचे पुसले आणि पुन्हा बसवले. मग काठी गाडीच्या कडेला तीन ठिकाणी सुतळीने बांधली. तिचे टोक मागे तीन हात बाहेर राहत होते. मागून येणाऱ्याला दिसावे म्हणून मी त्याला लाल फडके बांधले.