वेगळ्या रंगाची जर्सी

सकाळी मैदानावर पाणी शिंपडलं की धारवाडच्या तांबड्या मातीला एक वास येतो. ओल्या विटेचा, किंचित लोखंडाचा. लग्न होऊन सप्तापुरात आले तेव्हापासून हा वास माझ्या स्वयंपाकघरापर्यंत येत राहिला आहे, कारण आमच्या गल्लीच्या टोकाला व्हॉलीबॉलचं मैदान आहे आणि माझे यजमान घरापेक्षा त्या मैदानाचेच अधिक. इतरांना त्या वासाने प्रसन्न वाटत असेल. मी मात्र तो आला की खिडकी लोटून घेते. आपल्या माणसाला एखाद्या गोष्टीचा ध्यास लागला की आपल्या वाट्याला तिची धास्ती येते. ही वाटणी कोणी केली असेल?

मी कॉलेजात इतिहास शिकवते. राजवटी, तह, वंशावळी सगळं मुखोद्गत आहे. पण ज्या इतिहासाने माझं घर व्यापलं तो कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही. तो आहे भारताच्या पुरुष व्हॉलीबॉल संघाचा. हे तारिहाळच्या एका कारखान्यात नोकरीला होते, पण तरुणपणी काही वर्षं देशाकडून खेळले. मैदानावर त्यांना सगळे अण्णा म्हणतात, घरात मुलगा अप्पा. ताटावर बसले की त्यांच्या तोंडून तो इतिहास सुरू होई. आधीच्या पिढीतले खेळाडू उघड्या मैदानावर, भर उन्हात खेळून आशियातली पदकं कशी घेऊन आले. पूर्वी आपली सर्व्हिस असतानाच गुण मिळत असल्यामुळे एकेक सामना कसा संपता संपत नसे. आणि मग इतर देश कसे उंच होत गेले, वेगवान होत गेले, नि आपण कसे मागे राहिलो. ‘आपण’ हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज खाली येई, जणू त्या सगळ्या पराभवांत ते स्वतः जाळीपाशी उभे होते.

त्यांच्या लेखी ह्या इतिहासाचं सार एकच होतं: उंची. हे स्वतः आमच्या दारातून वाकून आत येतात. मी त्यांच्या खांद्यालाही पोचत नाही. हुबळीच्या बाजारात माझ्या माहेरचं कापडाचं दुकान आहे. वरच्या फळीवरचा गठ्ठा काढायला आमच्या घरातल्या प्रत्येक पुरुषाला स्टूल लागतं. तेव्हा अभयच्या जन्मापासून मला एकच काळजी होती, हा कोणावर जाईल? रंग, नाक, हट्टीपणा, सगळं त्याने वडिलांचं घेतलं. उंची तेवढी माझी घेतली.

चौकटीला लोंबकळून झालं, दूध पिऊन झालं, कोणी सांगितलेली पाल्याची रसायनं झाली. ह्यांनी त्याला कधी बोल लावला नाही. पण एकदा पडवीत जुन्या मित्राशी बोलताना ते म्हणाले, “पोरगा गुणी आहे हो. पण जाळीच्या वर हातच जात नाही, काय करणार?” अभय आत माझ्याजवळ शेंगा सोलत बसला होता. त्याचे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू लागले. त्या क्षणी त्याच्या आत काय झालं असेल, हे मी अजूनही स्वतःला विचारते.

जगाच्या व्हॉलीबॉलमध्ये लिबेरो येऊन बरीच वर्षं झाली होती. आमच्या घरात मात्र तो आला नव्हता. लिबेरो म्हणजे मागे उभा राहून समोरून येणारे फटके उचलणारा खेळाडू. त्याने सर्व्हिस करायची नाही, जाळीवर झेप घ्यायची नाही, स्मॅश मारायचा नाही. सगळ्या संघात त्याची जर्सी तेवढी वेगळ्या रंगाची. अभयच्या कॉलेजातल्या प्रशिक्षकांनी त्याला ती जर्सी दिली, तेव्हा हे म्हणाले, “हा काय खेळ? मारायचं नाही, उडायचं नाही, नुसतं पडायचं.”

“पडायचं नाही, अप्पा,” अभय शांतपणे म्हणाला. “चेंडू पडू द्यायचा नाही.”

पुढे विद्यापीठ, मग राज्य, आणि एका सकाळी देशाच्या संघात निवड झाल्याचा फोन आला. ह्यांनी “बरं झालं” एवढंच म्हटलं, चपला घातल्या आणि रिकाम्या मैदानावर जाऊन कितीतरी वेळ एकटेच फिरत राहिले. मी खिडकीतून पाहत होते. आनंद होता तो, की आणखी काही? पाठमोऱ्या माणसाचं मन वाचता आलं असतं तर संसार किती सोपा झाला असता!

परदेशातला तो सामना आम्ही दुपारी पाहिला. पोह्यांच्या डब्याला मोबाइल टेकवून ठेवला होता. शेजारच्या गंगक्का पदराने चष्मा पुसत येऊन बसल्या. समोरचा संघ ताडमाड, आणि त्यांच्या प्रत्येक फटक्याच्या वाटेत माझा मुलगा. चेंडू सुटला की मी श्वास धरायची आणि तो वर गेला की सोडायची. आपला संघ मागे होता, तरी झुंजत होता. तेवढ्यात त्यांच्या एका खेळाडूने हात उगारला, आणि पुढच्या क्षणी अभय जमिनीवर होता. दोन्ही तळवे तोंडावर. चेंडू हातांवर न बसता थेट डोळ्यावर बसला होता. चित्र तिथेच अडकलं. लेकाचं ते आडवं पडलेलं रूप पडद्यावर तसंच राहिलं आणि मध्यभागी एक लहानसं चक्र गरगरत राहिलं.

“एनायतु, अक्का? काय झालं त्याला?” गंगक्का विचारत होत्या. हे उठले, मोबाइल बंद करून चालू केला, संघाबरोबर गेलेल्या ओळखीच्या माणसाला फोन लावला. कोणी उचलला नाही. भिंतीवरचं घड्याळ, नळाखालची भांडी, डब्यावरचा तो पडदा, सगळं जागच्या जागी होतं. माझं तेवढं काही जागेवर नव्हतं. देवाला काय मागावं तेही सुचेना. डोळा माग, म्हटलं मनाला. बाकीचं नंतर.

ऊन कलल्यावर अभयचाच फोन आला. पहिलंच वाक्य, “आई, डोळ्याला लागूनही चेंडू वर गेला होता. बघितलंस का?”

“डोळा कसा आहे ते सांग आधी.”

“धूसर दिसतंय. डॉक्टर म्हणाले, आत थोडं रक्त उतरलंय, बरं होईल. आई, तो पॉइंट आपल्याला मिळाला. मॅच गेली, पण तो पॉइंट आपला.”



तो घरी आला. औषधाचे थेंब, काळा चष्मा, हुबळीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडच्या फेऱ्या. दृष्टी हळूहळू निवळली. डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली, तेव्हा वाटलं, सुटले. पण काळजी कुठे अशी सरळ दाराने निघून जाते? एका दुपारी मी ओट्याजवळून सहज एक लिंबू त्याच्याकडे टाकलं. लिंबूच ते! अभयने ते झेललं. पण झेलताना डोळे घट्ट मिटले होते.

त्याने लिंबू परत ओट्यावर ठेवलं.

“तुला दिसलं ना?” तो म्हणाला. “रोज होतंय. चेंडू आला की आपोआप मिटतात. पुढच्या कॅम्पला हे कोणाच्या लक्षात आलं तर संपलंच, आई.”

त्यानंतरचे दिवस मी कशी वर्गात उभी राहिले कोण जाणे. एक मन म्हणे, मिटू देत डोळे, सुटेल हा खेळ, राहील पोरगा धडधाकट. दुसरं मन शेंगा सोलताना थांबलेले ते हात दाखवी. आईच्या मायेत किती स्वार्थ असतो आणि किती भय, हे मोजणार कोण?

शेवटी अभयनेच चहाच्या वेळी बापाला सगळं सांगितलं, आणि म्हणाला, “अप्पा, मैदानावर चला. तुम्ही मारा, मी उचलतो.”

मीही मागोमाग गेले. जाळीपलीकडे अभय गुडघे वाकवून उभा राहिला. ह्यांनी पहिला चेंडू अगदी हळू मारला, तान्ह्याकडे टाकावा तसा. दुसराही तसाच.

“असं नाही,” अभय म्हणाला. “तुम्ही देशाकडून मारायचात तसा मारा.”

“डोळा आत्ता कुठे बरा झालाय तुझा.”

“म्हणून तर.”

ह्यांचा हात अर्ध्यावर थांबला. ज्या हाताचा दरारा आशियाभर होता असं मी वर्षानुवर्षं ऐकत आले, तो हात असा अडलेला मी पहिल्यांदा पाहिला. तेव्हा मला कळलं की त्या सामन्यापासून ह्या घरात भ्यालेली मी एकटी नव्हते. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. परवानगी मागत होते, की मी ‘नको’ म्हणावं अशी वाट पाहत होते?

“मारा,” मी म्हणाले.

त्यांनी चेंडू उंच फेकला. ओल्या मातीवरून पावलं धावली, हात फिरला, आणि असा आवाज झाला की झाडावरची पाखरं उठली. मी डोळे मिटले नाहीत. अभयने मिटले की नाही ते मला इतक्या लांबून दिसलं नाही. पण चेंडू त्याच्या हातांवरून वर आला, सरळ, उंच, जाळीपाशी जिथे सहकारी उभा असायचा नेमका त्या जागेवर. तिथे कोणी नव्हतं. आम्ही तिघंही मान वर करून तो खाली येण्याची वाट पाहत राहिलो.