अभिनंदनाचा फळा

आमच्या राज्यशास्त्र विभागात कुणाची पीएचडी झाली, कुणाचा लेख छापून आला, की दारातल्या फळ्यावर अभिनंदन लिहायचं काम आमच्या शिपायाचं. अक्षर असं, की पोरं फोटो काढून नेतात. लिहून झालं की तो दोन पावलं मागं सरतो, मान वाकडी करून बघतो आणि स्वतःशीच म्हणतो, "बराबर."

परवा त्यानं माझं नाव लिहिलं. जिल्ह्यातल्या ग्रामसभा किती नियमित भरतात, यावरचा माझा लेख छापून आला होता. त्यानं तो वाचायला मागितला. विभागात दुसऱ्या कुणी मागितला नव्हता. दोन दिवस स्टुलावर बसून, ओळीखाली बोट फिरवत त्यानं तो वाचला.

"सर, आमचं गाव हाय की ह्यात. तुमी कवा आलते?"

"आलो नव्हतो. ग्रामपंचायतीचं रजिस्टर पाहिलं. सगळ्यांच्या सह्या होत्या."

"व्हय, माझी बी हाय. रजिस्टर घरोघर फिरलं. सभा काही भरली न्हाई."

आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. मी फळ्याकडे बोट केलं. "पुसून टाका ते."

तो दोन पावलं मागं सरला, मान वाकडी केली.

"राहू द्या, सर. अक्षर बराबर आलंय."