गोंदण न दिसलेला पाय

मी मास्तर. स्वतःच पेपर लिहून स्वतःच तपासणाऱ्या पोरावर माझा विश्वास बसत नाही, मग मोबाईलवर कुठून बसणार? डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलायचं ॲप घेतलं तेव्हाच मला त्यातली हिरवी खूण खुपली होती. चित्र किती चांगलं दिसतंय हे ॲप स्वतःच ठरवतं, चांगलं असेल तर कोपऱ्यात हिरवी खूण लावतं. आमच्या पोशेरा गावात फोनवर धड आवाज पोचत नाही, आणि चित्र म्हणे उत्तम!

आवणीत, भाताची लावणी करताना, आईच्या पायात काटा रुतला. पाय सुजला, घोट्यापासून एक लालसर रेघ वर चढू लागली. आईला जव्हारच्या दवाखान्यात जायचं नव्हतं, भाताची रोपं उपटून ठेवली होती. म्हणून नाशिकच्या डॉक्टरांना व्हिडिओवर पाय दाखवला. ते म्हणाले, साधी सूज आहे, शेक द्या. मी रेघेचं सांगितलं. त्यांना रेघ दिसत नव्हती. उजेडामुळे मला तसं वाटत असेल, चित्र तर अगदी स्वच्छ येतंय, म्हणाले. खूणही हिरवीच होती.

मला राग आला. त्या स्वच्छपणाचीच शंका आली. आईच्या पोटरीवर लग्नाआधी काढलेलं बारीक ठिपक्यांचं गोंदण आहे. कॅमेरा तिथेच धरून मी विचारलं, "डॉक्टर, पायावर गोंदलेलं दिसतंय का?"

ते म्हणाले, "गोंदलेलं? पाय तर कोरा आहे."

नेट मंद होतं. ॲपने चित्र घासूनपुसून गुळगुळीत केलं होतं आणि त्याच गुळगुळीतपणावर आपली पाठ थोपटून घेतली होती. ठिपक्यांबरोबर रेघही गेली होती.

आई म्हणाली, "माझा गोंदण दिसत नाय, त मंग त्याला दिसतं तरी काय?"

डॉक्टरांचा आवाज बदलला. शेक देऊ नका, लगेच दवाखान्यात न्या, म्हणाले. जव्हारच्या डॉक्टरांनी पायाला हात लावला आणि तिला तिथेच ठेवून घेतलं. विष रक्तात भिनायला लागलं होतं. पाय वाचला. आवणी शेजारणींनी उरकली.

आता शेजारीपाजारी म्हणतात, मास्तर हुशार, बरोबर पकडलं. मला ते ऐकवत नाही. माझ्या लेकीच्या पायावर एक ठिपकाही नाही. तिचा पाय असता तर मी काय विचारलं असतं?