कंस कुठे बंद झाला?

एम.एस्सी. फिजिक्सच्या पहिल्या सत्रात आम्हाला मॅथेमॅटिकल मेथड्स नावाचा पेपर होता. भौतिकशास्त्रात पुढे जे जे गणित लागतं ते सगळं त्यात कोंबलेलं. मला तो पेपर येतो, असं माझं मत होतं. सोडवलेली उदाहरणं मला पाठ होती.

वर्गात नेरळची एक मुलगी होती. शाळेत असल्यापासून तिची नजर कमी होत गेली होती आणि आता उजेड-अंधारापलीकडे तिला फारसं दिसत नव्हतं. सर फळ्याकडे तोंड करून 'हे इकडे नेलं, हे गेलं, उरलं हे' असं म्हणत. त्यातून तिला काय कळणार? तिच्या फोनमधलं ॲप पुस्तक मोठ्याने वाचायचं, पण समीकरण आलं की गाळून पुढे जायचं. मी भिसेगावची, दोघींची परतीची वाट एकच. तिने एकदा विचारलं, रविवारी घरी येऊन वाचून दाखवशील का? मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर आपण एक चांगलं काम करतोय, असं मला वाटत होतं.

पहिल्याच रविवारी मी वाचलं, "वन अपॉन एक्स प्लस वन."

तिने विचारलं, "कंस कुठे बंद झाला? एक भागिले एक्स, आणि मग अधिक एक? की खाली सगळं मिळून एक्स अधिक एक?"

मी पुस्तकात पाहून सांगितलं. पुढच्या ओळीला पुन्हा तेच. तासाभरात आमच्या दोन-तीनच ओळी झाल्या. मग आम्ही बोलायची पद्धत ठरवली: कंस उघडला, कंस बंद, घातात गेलो, घातातून खाली आलो. घरी येताना माझा घसा बसला होता, आणि ज्या पानावरून मी परीक्षेपर्यंत सहज सरकले असते ते पान पहिल्यांदाच नीट वाचून झालं होतं.

कॉम्प्लेक्स इंटिग्रेशनला आलो तेव्हा आकृत्या सुरू झाल्या. तिची आई घरी ब्लाउज शिवायची. आमचं बराच वेळ ऐकून ती म्हणाली, "काय हाय ते मला सांगा, मी चिकटवून देते." तिने पुठ्ठ्यावर लोकर चिकटवली. एक आडवी सरळ रेघ आणि तिच्यावर अर्धवर्तुळ, म्हणजे इंटिग्रेशन करताना ज्या वाटेने फिरून परत यायचं ती वाट. ज्या बिंदूंवर फलन अनंत होतं, ते पोल्स, तिथे कपाळाच्या टिकल्या लावल्या. एक टिकली अर्धवर्तुळाच्या आत, एक रेघेखाली.

मैत्रिणीने त्यावर बोट फिरवलं आणि विचारलं, "वरूनच का वळायचं? खालून का नाही?"

"सरांनी वरून केलंय," मी म्हटलं.

मग खालून करून पाहिलं. तिच्या आईने खालीही एक अर्धवर्तुळ चिकटवून दिलं. उत्तर यायला हवं होतं पाय, म्हणजे π, आलं वजा पाय. कुठेही ऋण नसलेल्या फलनाखालचं क्षेत्रफळ ऋण कसं येईल? मी तीनदा आकडेमोड तपासली. चूक सापडेना. तो आठवडा तसाच गेला. पुढच्या रविवारी ती लोकरीवरून सावकाश बोट नेत होती, सरळ रेघेवरून डावीकडून उजवीकडे, मग खालच्या वळणावरून परत, आणि मधेच थांबली.

"अगं, माझा हात घड्याळाच्या दिशेने फिरतोय. वरून वळताना उलटा फिरत होता."

दिशा बदलली की चिन्ह बदलतं, हा नियम मला पाठ होता. तो इथे लागतो हे मला दिसलं नव्हतं.

परीक्षेत तिला जादा वेळ मिळाला आणि केंद्राने लेखनिकही दिली. ती कला शाखेची मुलगी, स्वभावाने चांगली, पण इंटिग्रलचं चिन्ह तिने त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिलं. निकाल लागला. मला वर्गात वरचे मार्क मिळाले. मैत्रीण नापास झाली होती. दोन दिवस मी तिला फोनच केला नाही. काय बोलणार?

तिसऱ्या दिवशी तिनेच फोन केला आणि उत्तरपत्रिकेची प्रत मागवू या म्हणाली. प्रत आली तेव्हा तिच्या घरी बसून मी ती वाचायला घेतली. घात सगळे खाली ओळीतच लिहिलेले. कंस नाहीत. जिथे तिने आय हे इंग्रजी अक्षर सांगितलं होतं तिथे एकचा आकडा लिहिलेला. थोडं सावरून वाचावं, असं एक क्षण मनात आलं. पण तिने जे सांगितलं होतं ते तिला आठवत असणार. मी जसं होतं तसंच वाचलं.

शेवटच्या पानानंतर ती म्हणाली, "म्हणजे मला येत होतं."

तिच्या आईने मशीन थांबवलं. मी पानं नीट लावत बसले.

फेरतपासणीचा उपयोग नव्हता. कागदावर होतं ते चुकीचंच होतं. दुसऱ्यांदा बसताना लेखनिक आपली आणायची, असं आम्ही ठरवलं. नियमाप्रमाणे लेखनिक वरच्या वर्गातली किंवा त्याच विषयाची चालत नव्हती. माझी धाकटी बहीण बी.ए. करत होती. तिला विचारलं तर ती घाबरली. "मला ह्यातलं काय कळतं गं? माझ्यामुळे परत नापास झाली म्हणजे?"

मैत्रीण तिला म्हणाली, "कळायला नकोच. मी बोलेन तसं उतरव. अडलीस तर थांबव मला."

महिनाभर दोघी आमच्या घरी बसल्या. एकीने सांगायचं, दुसरीने लिहायचं, मी तपासायचं. ग्रीक अक्षरांना बहिणीने स्वतःची नावं ठेवली. एक शेपटीवाला, एक पोटफुग्या. परवानगीचा अर्ज घेऊन आम्ही परीक्षा विभागात चार वेळा गेलो. चौथ्या वेळी तिथल्या बाईंनी तो स्वतः आत नेऊन सही आणून दिली.

ती पास झाली. पहिल्या वर्गाचे मार्क मिळाले. बहिणीने आधी स्वतःचा निकाल असल्यासारखं शेजारीपाजारी सांगून टाकलं, मग आईला.

आता मी खोपोलीकडे एका ज्युनियर कॉलेजात शिकवते. मैत्रीण बँकेची परीक्षा देऊन नोकरीला लागली. फिजिक्स सुटल्याचं वाईट वाटतं का, असं मी विचारलं होतं. वाटतं, म्हणाली, पण घरी पगाराची गरज होती. सुट्टीच्या दिवशी ती बी.एस्सी.च्या दोन मुलींना फोनवर गणित सांगते.

आमच्या आळीत अजून कोणी कोणी आईला म्हणतात की तुमच्या मुलीने त्या मुलीला शिकवलं. पूर्वी मी ऐकून घ्यायचे. गेल्या दिवाळीत शेजारच्या काकू तसं म्हणाल्या, तेव्हा मी त्यांना म्हटलं, "नाही हो काकू, मी फक्त वाचत होते." त्यांना तो माझा विनय वाटला. त्यांनी माझ्या हातात आणखी एक करंजी ठेवली.