पट्टीखालची चीर

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिलं निघालं, "गाडीत होता का?" नव्हता. एटापल्लीच्या शाळेत, शिकवता शिकवता वर्गातच छातीत कळ आली... गाडी बाहेर झाडाखाली धडधाकट उभी होती. माझ्या मनात मात्र वर्षानुवर्षं त्या गाडीचीच धास्ती.

दादानं ती जुनी मोटार घेतली तेव्हा डॅशबोर्डभर लाकडासारखी दिसणारी चिकट पट्टी होती. "काय मेला तो लग्नाचा मंडप!" मी म्हणाले, आणि दादालाही हुरूप आला. मे महिन्यात गाडी भर उन्हात ठेवली आणि डिंक सैल झाल्यावर नायलॉनच्या दोऱ्यानं आम्ही बहीणभाऊ पट्टी सोलू लागलो. थट्टामस्करी चालली होती. मग डाव्या सीटसमोरचा तुकडा निघाला. खाली हातभर चीर, पुट्टीनं बुजवलेली.

"हे काय होय, दादा?"

"एरबॅग फुटली होती वाटते. मोठा अपघात झाला असंल कोणाचा तरी. आत आता काईच नाई." मग हळूच म्हणाला, "तुया वहिनीले सांगू नको. घाबरंल. मी बसवतो नवीन."

तिथं त्यानं दुसरी चकचकीत पट्टी लावून टाकली. नवीन एरबॅग राहूनच गेली. कधी बदली, कधी मुलाचं, सुमितचं लग्न. पण त्या सीटवर डब्याची पिशवी ठेवून तो वहिनीला म्हणायचा, "तू मागं बस." वहिनी फणकारायची, "मी बायको व्हय का सवारी?" आलापल्लीच्या पुढं जंगल दाट झालं की दादा त्या पट्टीकडे तिरका बघायचा, आणि मागून मीही.

दादासाठी वंदना होऊन पुण्यानुमोदन झालं. दुसऱ्या सकाळी सुमित, घरी आणलेली दादाचीच गाडी घेऊन, बाबांचं सामान आणायला एटापल्लीला निघाला. नवी सून प्रिया डावं दार उघडून पुढं बसली.

"उतर!" मी अशी ओरडले की वहिनी धावत आली. मी पट्टीचं टोक नखानं उचकटलं. वहिनीनं माझा हात धरला. "नको ना बाई, त्यायच्या हातची हाये ते..." मलाही रडू फुटलं, पण पट्टी ओढलीच. दादा काय म्हणाला होता तेही सांगून टाकलं.

सुमितनं बाबांची डब्याची पिशवी आणून त्या सीटवर ठेवली. "प्रिया, तू मागं बस."

फाटकाशी वहिनी पट्टी हातात धरून उभी होती. "इतके वर्षं मी रुसूनच मागं बसत होती, बाई," ती म्हणाली. गाडी वळेपर्यंत आम्ही दोघी मागच्या काचेकडे बघत होतो, प्रिया मागंच बसली आहे ना म्हणून.