पलीकडचं दिसतं का?

सोलापूरच्या कचेरीत मी कारकून होतो, तेव्हा फाटकाजवळच्या लिंबाखाली एक म्हातारा दौती, टाक ठेवायच्या तबकड्या आणि कागद दाबायचे ठोकळे मांडून बसायचा. प्रत्येकावर दगड झालेल्या शंखशिंपल्यांचं छापील चित्र चिकटवलेलं असे. गिऱ्हाईक नसलं की तो धोतराच्या सोग्यानं एकेक चित्र पुसत राही.

एकदा ठोकळा घेताना मी विचारलं, "चित्रं कुणाची?"

"माज्या ल्योकाची. छापखान्यात व्हता. सायबाच्या जुन्या पुस्तकातली बघून काडली आन् छापली."

"आता कुठं असतो?"

"बोटीवर गेला. लई वरसं झाली, निरोप न्हाय." मग हळूच म्हणाला, "समिंदर बघितलाय तुमी? पलीकडचं दिसतं का वो?"

"नाही, नुसतं पाणी," मी बोलून गेलो. त्याचा पुसणारा हात थांबला.

पुढं मी दिसलो की तो तेच विचारी. एका संध्याकाळी मला राहवलं नाही.

"हवा स्वच्छ असली की दिसतं, बाबा."

"व्हय?" तो उठून उभाच राहिला. "मंग त्येलाबी हितलं दिसत असंल की!"